वारूळ न फोडता वाळवी खाणाऱ्या जमिनीखालच्या मुंग्या कशा शोधायच्या

आधीच सांगतो, वारूळ फोडायचं नाही. कुदळ घेऊन रोयण (आम्ही वारुळाला रोयण म्हणतो) उघडली की मुंग्या दिसतील असं वाटतं, पण तसं होत नाही. माती ढासळते, हजारो वाळव्या सैरावैरा पळतात, आणि ज्या पाच-पंचवीस मुंग्या बघायच्या होत्या त्या ढिगाऱ्यात गाडल्या जातात. वर आपल्या गोव्यात कितीतरी देवळांत सातेरी देवी वारुळाच्या रूपातच पुजली जाते, गाभाऱ्यात मूर्ती नाही तर रोयणच असते, त्यामुळे गावात कोणी तुम्हाला रोयणीवर कुदळ मारताना बघितलं तर पुढे काय होईल ते सांगायला नको. आणि पावसात रोयणीची अळमी (खायची छत्रीसारखी मशरूम) शोधत फिरणारे लोकही तुमच्यावर खवळतील ते वेगळं, कारण ती अळमी ज्या बुरशीची असते ती बुरशी वाळवीच आत वाढवते, वाळवीचं घर गेलं की अळमीही गेली.

तर मग करायचं काय? वाळवीला बाहेर बोलवायचं, तिच्या मागून शिकारीण येते का बघायचं. बस एवढंच तंत्र आहे, पण त्यात बारकावे बरेच आहेत.

आधी आपण कोणाला शोधतोय ते बघू. सेंट्रोमिरमेक्स नावाची मुंग्यांची एक प्रजाती आहे (प्रजाती म्हणजे जातींचा गट), ऑस्ट्रियाच्या गुस्ताव मायर यांनी 1866 साली तिला हे नाव दिलं. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, आणि भारतापासून आग्नेय आशियापर्यंत उष्ण भागात या मुंग्या आहेत. भारतात जी मिळते ती सेंट्रोमिरमेक्स फेई, इटलीच्या कार्लो एमेरी यांनी 1889 मध्ये ब्रह्मदेशातल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं आणि ते नमुने गोळा करणाऱ्या लिओनार्दो फेआचं नाव तिला दिलं. मुंगी साधारण अर्धा सेंटिमीटर, रंग तांबूस-पिवळा, चकचकीत, कामकरी मुंग्यांना डोळेच नाहीत. डोळे बारीक आहेत असं नाही, नाहीतच. जन्मभर मातीत आणि वाळवीच्या बोगद्यात राहायचं असेल तर डोळे कशाला हवेत. त्याऐवजी पायांवर, खास करून मधल्या आणि मागच्या, आखूड जाड काटे असतात. अरुंद बोगद्यात भिंतीला पाय रोवून पुढे घुसायला ते कामाला येतात. खाणं जवळजवळ फक्त वाळवी, आणि राहणंही बहुतेक वेळा वाळवीच्याच वारुळात, म्हणजे भाडेकरूच मालकाला खातोय असा प्रकार.

या मुंग्या वर फिरत नाहीत म्हणून त्या फार कमी लोकांनी बघितल्यात. साखरेचं आमिष ठेवा, जमिनीत ग्लास पुरून सापळा लावा, डोंगळे येतील, हुमले येतील, बारक्या घरमुंग्या येतील, ही येणार नाही. गुगलवर फोटो बघितले तर बहुतेक म्युझियममधल्या टाचणीवरच्या मुंग्यांचे असतात, तेही एकदा बघून ठेवा कारण पाय आणि डोकं नीट दिसतं त्यात.

कधी बघायचं

गोव्यात दोन मोसम चांगले. एक म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आसपास, मे अखेर ते सांजावपर्यंत (24 जून), जमीन नुकतीच भिजलेली असते, वाळव्या वर यायला लागतात आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पंखवाल्या वाळव्यांचा खच पडतो. दुसरा चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यापासून नोव्हेंबरपर्यंत, हा मला जास्त आवडतो, पाणी ओसरलेलं असतं पण माती अजून ओली असते, खुरपं सहज जातं. ऐन जुलैत नको, आमिष पाण्यात कुजून जातं. आणि शिगम्यानंतर (होळीनंतर) तर विसराच, जांभा असा कडक होतो की खुरप्याचं तोंड वाकेल, आणि वाळवी ओल्याच्या मागे खोल गेलेली असते, तिच्या मागे मुंगीही.

जागा कुठली? स्वतःच्या घराचं परस सगळ्यात बरं. नाहीतर काजूचं भाट (बागायत), कुळागराची (माड-पोफळीच्या बागेची) कड, शेताची मेर (बांध). वाळवी लागलेली जुनी मेर असेल तर सोनं. भाट दुसऱ्याचं असेल तर भाटकाराला (मालकाला) विचारून, कोमुनिदादची (गावकीची) जमीन असेल तर तिथेही विचारून. मोले, म्हादई, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत मात्र हे काही करायचं नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथून परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही आणि मुंगी आहे म्हणून सूट मिळत नाही. तिथे नुसते डोळे उघडे ठेवून फिरा.

सामान

खुरपं, पांढरा प्लास्टिकचा ट्रे (मटणवाल्याकडे असतो तसला, नाहीतर जुनी थाळी), रंगकामाचा सगळ्यात बारीक ब्रश, झाकणाच्या दोन-तीन पारदर्शक डब्या, 10 पट मोठं दाखवणारी लोखंडी घडीची लेन्स, मोबाइलला लावायची मॅक्रो क्लिप, टॉर्च. चिमटा नेऊ नका, मुंगी चिरडते. ब्रशची टोकं ओली करून तिच्यावर टेकवली की ती चिकटून येते, हे एकदा जमलं की मग चिमट्याची आठवण येत नाही. गमबूट हवेतच, याबद्दल खाली.

आमिष कसं लावायचं

वाळवीला पाहिजे सेल्युलोज, म्हणजे लाकूड, कागद, पुठ्ठा. वाळवीवर काम करणारे संशोधक टॉयलेट पेपरचा रोल आमिष म्हणून वापरतात, साधा, बिनवासाचा, आणि तो खरंच चालतो. पण ऑनलाइन खरेदीची खोकी घरात पडलेलीच असतात, त्यांचा नागमोडी पुठ्ठा त्याहून भारी, कारण त्या नळ्यांमधून वाळवी आपसूक आत शिरते. टेप आणि प्लास्टिकची लेबलं काढून टाका, पुठ्ठ्याच्या हातभर लांब पट्ट्या कापा, घट्ट गुंडाळी करा, सुतळीने बांधा, आणि बादलीत रात्रभर भिजत ठेवा. सुतळीच, प्लास्टिकची दोरी नको, ती मातीत राहून जाते.

वारुळापासून एक-दोन मीटर लांब, उताराच्या बाजूला नको जिथे पाणी साचेल, वीतभर खोल खड्डा करा आणि गुंडाळी उभी ठेवा, वरचं तोंड जमिनीच्या पातळीला येईल अशी. माती नीट दाबून भरा, गुंडाळीच्या आणि मातीच्या मधे पोकळी राहिली तर वाळवी यायला वेळ लावते. वरून जुनं मंगळुरी कौल उपडं घाला आणि कौलावर चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा. कौलामुळे सावली राहते, ओल टिकते, आणि कुत्रं उकरत नाही. आमच्याकडे कोंबड्या हा याहून मोठा प्रॉब्लेम, एकदा का त्यांना कळलं की कौलाखाली वाळवी आहे की तुमचा प्रयोग संपला, त्यामुळे चिरा जड घ्या. बाजूला काठी रोवून ठेवा, पावसात गवत वाढलं की कौल सापडत नाही. एकाच ठिकाणी एक आमिष लावून काही होत नाही, वारुळाच्या चारी बाजूंनी लावा, एखाद्याला वाळवी लागते, बाकीची तशीच राहतात.

मग दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही. रोज उचकून बघितलं तर वाळवी ती जागा सोडते, इतकी सोपी गोष्ट आहे पण राहवत नाही हेही खरं.

आणखी एक मार्ग आहे ज्यात काहीच करावं लागत नाही. माड लावायला, काजूची कलमं लावायला नाहीतर कंपाउंडच्या खांबाला कोणीतरी खड्डे खणतच असतो. तिथे जाऊन उभे राहा. खड्ड्यातून निघालेल्या मातीची ढेकळं ट्रेवर फोडून बघा, भिंतीत वाळवीचे बोगदे कापले गेलेत का बघा, कापलेल्या तोंडापाशी पाच-दहा मिनिटं लक्ष ठेवा. खणणाऱ्याला आधी चहा पाजा म्हणजे तो घाई करणार नाही. मातीतले जीव मोजणारे लोक 25 सेंटिमीटर बाय 25 सेंटिमीटरचा चौकोन 30 सेंटिमीटर खोल काढतात आणि दर 10 सेंटिमीटरचा थर वेगळा चाळतात, तेही करता येईल, पण जांभ्यात ते करायचं म्हणजे घाम निघतो, मी तरी आयता खड्डा शोधेन.

उघडायचा दिवस

सकाळी लवकर जा. कौल उचलायच्या आधी काठीने एका बाजूने उचलून, लांब उभं राहून बघा. हे मुद्दाम लिहितोय. कौलाखाली विंचू हमखास असतो, आणि जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळावर) फुरसं हा विषारी साप नेहमीचा पाहुणा, मातीच्या रंगाचं असतं, दिसत नाही. वारुळाच्या भोकात नागही असतो, त्या भोकात हात, काठी, मोबाइल काहीही घालायचं नाही. चावलंच तर बांधाबांध, कापाकापी न करता 108 ला फोन आणि सरळ सरकारी हॉस्पिटल.

गुंडाळी सावकाश वर काढून थेट ट्रेवर ठेवा आणि सुतळी सोडा. पहिलं मिनिट महत्त्वाचं. उजेड लागताच वाळव्या आत पळायला लागतात, त्यात जो कोणी पळत नाही, किंवा वेगळ्याच चालीने चालतो, तो बघायचा. आंधळ्या मुंगीला उजेडाचं काही नसतं, तिला हादरा आणि हवा कळते, म्हणून ट्रेवर फुंकर मारू नका. खड्ड्याच्या भिंतीतही टॉर्च मारून बघा, गुंडाळीत नसली तरी बोगद्याच्या तोंडाशी असू शकते. वाळवी जिवंत आहे, पाय किंचित हलतायत पण चालत नाही, अशी दिसली तर खूश व्हा, कारण पोनेरिनी उपकुळातल्या या मुंग्या नांगी मारून भक्ष्य लुळं करतात आणि मग ओढून नेतात.

ओळखायचं कसं

आधी वाळवी आणि मुंगी यातला फरक. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या. वाळवी ही मुंगीची कोणी लागत नाही, ती झुरळाच्या गोतातली. पांढरी, मऊ, मोठ्या डोक्याची जबडेवाली दिसली तर ती वाळवीतली सैनिक, तिचाही फोटो काढा. आपल्याकडे वारूळ बांधणारी वाळवी बहुतेक ओडोंटोटर्मिस, तिच्या सैनिकाच्या डाव्या जबड्यावर एक दात असतो. कोण कोणाला खातंय याची नोंद दोघांचे फोटो असल्याशिवाय अर्धीच.

आता मुंग्या. जमिनीवरून काळ्या, लांब पायांच्या, सडसडीत मुंग्यांची रांग वाळवी तोंडात धरून चाललेली दिसली तर ती लेप्टोजेनिस. तीही वाळवीची मोठी शिकारी, गोव्यात भरपूर दिसते, पण ती वर फिरते आणि डोळस आहे. तिची नांगी झोंबते, हात लावू नका. बऱ्याच जणांना पहिल्यांदा हीच मिळते आणि तीही बघण्यासारखी आहे, नाराज व्हायचं कारण नाही.

आमिषात तांबूस-पिवळ्या आंधळ्या मुंग्या शेकड्यांनी निघाल्या, लहान-मोठ्या सगळ्या मापाच्या, तर ती डोरायलस असणार. भुईमूग, बटाटा, भाजीची मुळं कुरतडणारी तीच. हिचे नर पावसात रात्री लाइटवर येतात, मोठे, तपकिरी, गांधीलमाशीसारखे, लोक घाबरून चप्पल मारतात. डोरायलसलाही डोळे नाहीत, त्यामुळे नुसतं आंधळी आहे म्हणून सेंट्रोमिरमेक्स ठरवू नका. पाय बघा. डोरायलसच्या मधल्या-मागच्या पायांवर ते जाड काटे नसतात.

अगदी बारक्या, दीड-दोन मिलिमीटरच्या पिवळ्या मुंग्या आणि कंबरेला दोन गाठी असतील तर ती कॅरेबारा, ती वारुळाच्या बाजूला घर करून वाळव्या चोरते. तिची राणी बघितली तर विश्वास बसत नाही की एकाच घरातल्या आहेत इतका आकारात फरक. कंबरेला एकच गाठ, बारीक, तपकिरी-पिवळी, डोळे अगदी ठिपक्याएवढे किंवा नाहीतच, आणि पाय साधे, ती हायपोपोनेरा, पालापाचोळ्यात कुठेही मिळते, आणि घोळ होतो तो हिच्याशीच.

म्हणजे सेंट्रोमिरमेक्ससाठी चार गोष्टी एकत्र हव्यात, कंबरेला एक गाठ, डोळे अजिबात नाहीत, मधल्या आणि मागच्या पायांवर जाड आखूड काटे, आणि आजूबाजूला वाळवी. एक जरी नसेल तर थांबा.

फोटोसाठी मुंगी डबीत घालून डबी फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही) पाच मिनिटं ठेवा, ती सुस्त होते, मरत नाही, तेवढ्यात पांढऱ्या कागदावर काढून तीन फोटो घ्या. बाजूने, म्हणजे गाठ दिसेल. समोरून डोकं. आणि पायांचा जवळून, हा सगळेच विसरतात आणि नेमका हाच लागतो. घरच्या माणसांना आधी सांगून ठेवा डबीत काय आहे ते, नाहीतर फ्रिज उघडणाऱ्याची चूक नाही. फोटो आयनॅचरलिस्टवर (निसर्गाच्या नोंदींची वेबसाइट) टाका, अँटवेबवरच्या (मुंग्यांच्या फोटोंची वेबसाइट) नमुन्यांशी जुळवून बघा. तारीख, गाव, माती कसली, किती खोल, आमिषात की खड्ड्यात, हे त्याच दिवशी लिहून काढा, नंतर आठवत नाही.

काही लोक विचारतील की या मुंग्या आणून घराला लागलेली वाळवी संपवता येईल का. नाही. ही मुंगी वाळवीच्या जिवावर जगते, पूर्ण वारूळ संपवलं तर तिचं जेवणही संपलं आणि घरही. तिची कॉलनी लहान, वाळवीची प्रचंड. दाराच्या चौकटीला वाळवी लागली असेल तर त्याचा वेगळा उपाय करावाच लागेल, मुंगीच्या भरवशावर राहू नका. पण भाटातल्या रोयणीवर उगाच रॉकेल किंवा क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची बाटली ओतण्याची जी पद्धत आहे ती मला पटत नाही. घरात घुसलेली वाळवी दर वेळी परसातल्या रोयणीतलीच असते असं नाही, कॉप्टोटर्मिस, हेटरोटर्मिस अशा वेगळ्याही असतात ज्या उभं वारूळ बांधत नाहीत. मग तुम्ही काय मारलं? पालापाचोळा कुजवणारी वाळवी, तिची अळमी, आणि तिच्यावर जगणाऱ्या या मुंग्या, चौकट तशीच पोखरली जातेय.

आफ्रिकेत मेगापोनेरा नावाची वाळवीखाऊ मुंगी आहे, ती जमिनीवरून टोळीने धाड घालते आणि लढाईत जखमी झालेल्या सोबतिणींना उचलून घरी आणते, आयव्हरी कोस्टमधल्या निरीक्षणांवरून 2017 मध्ये हे छापून आलं. ते का कळलं, तर ती वर चालते, माणसाला मागे मागे जाता येतं. आपली ही मातीखाली, बोगद्यात काय करते ते बघायला कोणी आत जाऊ शकत नाही, म्हणून साध्या परसातल्या नोंदीलाही किंमत आहे.

काम झाल्यावर मुंग्या आणि वाळव्या त्याच खड्ड्यात सोडा, माती परत भरा. वाळवी लागलेली गुंडाळी घराजवळ टाकू नका, सरळ तिथेच पुरून टाका. कौल परत जागेवर घाला आणि नवीन पुठ्ठा लावायचा असेल तर आधीच्या खड्ड्यापासून हातभर बाजूला लावा. जानेवारी संपत आला की सगळी आमिषं काढून घ्या, सुकलेल्या पुठ्ठ्याला वाळवी फिरकत नाही आणि भाट साफ करायला आलेल्या माणसाच्या कोयत्याला मधेच चिरा लागतो.